रोजचे साडेसात लाख डॉलर: यूटूच्या '३६० अंश' दौऱ्याचा जमाखर्च

यूटू या आयरिश बँडचा '३६० अंश' दौरा ३० जून २००९ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ स्टेडियममध्ये सुरू झाला आणि ३० जुलै २०११ रोजी कॅनडातल्या मंक्टन इथे संपला. ११० कार्यक्रम, ७२ लाख ७२ हजार तिकिटं, ७३ कोटी ६४ लाख डॉलरची विक्री. तोवर एवढा गल्ला कुठल्याच दौऱ्याने जमवलेला नव्हता. मला मात्र या प्रकरणातला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो. बँडचे तेव्हाचे व्यवस्थापक पॉल मॅकगिनेस यांनी सांगितलं होतं, की कार्यक्रम असो वा नसो, दौऱ्याचा रोजचा खर्च साधारण साडेसात लाख डॉलर आहे.

ट्रकचं भाडं, क्रूचे पगार, हॉटेलं, भाड्याने आणलेली साउंड आणि लाइटची यंत्रणा. आज गाणं नाही म्हणून यातलं काहीही थांबत नाही. खर्च तारखेवर चढतो आणि कमाई मात्र फक्त कार्यक्रमाच्या रात्री होते. सोमवारी बँड हॉटेलात झोपून राहिला तरी मंगळवारी सकाळी खात्यातून साडेसात लाख गेलेले असतात. स्टेजच्या आकारापासून ते तीस डॉलरच्या तिकिटापर्यंत या दौऱ्याचा जवळपास प्रत्येक मोठा निर्णय या एका गोष्टीशी येऊन भिडतो.

यूटूला हा धडा नवा नव्हता. १९९२-९३च्या 'झू टीव्ही' दौऱ्याचा रोजचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरात होता आणि लाखो प्रेक्षक येऊनही हातात उरलेला नफा अगदीच पातळ होता. प्रेक्षक पाच टक्क्यांनी जरी कमी आले असते तरी दिवाळं निघालं असतं, अशा अर्थाचं बँडचा गायक बोनो नंतर बोललाही. त्यानंतरच्या काळात जागतिक दौऱ्यांची पद्धत बदलली. शहरागणिक वेगळा प्रमोटर, म्हणजे कार्यक्रमाचा आयोजक, धरण्याऐवजी एकाच कंपनीला सगळा दौरा विकायचा, तिच्याकडून ठरावीक रकमेची हमी घ्यायची आणि जोखीम तिच्या गळ्यात घालायची. यूटूने २००८मध्ये लाइव्ह नेशन या प्रमोटर कंपनीशी १२ वर्षांचा करार केला तो याच धर्तीवर. शिवाय ब्लॅकबेरी या मोबाइल फोनवाल्यांची प्रायोजकता होतीच.

स्टेज मधोमध का?

स्टेडियमच्या कार्यक्रमात स्टेज सहसा मैदानाच्या एका टोकाला असतं. त्यामागचा भाग विकता येत नाही, कारण तिथून फक्त पडद्याची पाठ दिसते. म्हणजे भाडं पूर्ण स्टेडियमचं भरायचं आणि काही हजार खुर्च्या रिकाम्या सोडायच्या. स्टेज मध्ये आणलं तर त्या खुर्च्या विकता येतात. मग प्रश्न येतो, की स्पीकर, दिवे आणि पडदा टांगायचे कुठे? चारही बाजूंनी माणसं बसलेली असताना मागे भिंत उभी करता येत नाही. सगळं वरून लोंबकळायला हवं, तेही इतक्या उंचावरून की सर्वांत वरच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर काही येऊ नये.

डिझायनर विली विल्यम्स आणि वास्तुरचनाकार मार्क फिशर यांनी काढलेलं उत्तर म्हणजे चार पायांचा, सुमारे ५० मीटर उंचीचा पोलादी सांगाडा. लोकांनी त्याला 'द क्लॉ' म्हणजे पंजा हे नाव दिलं. लॉस एंजेलिस विमानतळावरची चार पायांची 'थीम बिल्डिंग' ही त्यामागची प्रेरणा. पोटाशी ५४ टनांचा गोलाकार एलईडी पडदा, जो कार्यक्रमात खाली उलगडत सात मजली इमारतीएवढा लांब व्हायचा. दिसायला अवाढव्य आणि थोडं विक्षिप्तच प्रकरण. मला स्वतःला ते परग्रहावरच्या कोळ्यासारखं वाटतं.

त्याचा व्यापारी अर्थ मात्र सरळ होता. या मांडणीमुळे स्टेडियमची क्षमता साधारण २० टक्क्यांनी वाढते असं तेव्हा सांगितलं गेलं. दर कार्यक्रमाला सरासरी ६६ हजार तिकिटं खपली. वीस टक्क्यांचा हिशेब खरा मानला तर जुन्या पद्धतीच्या स्टेजवर ती ५५ हजारांच्या आसपास थांबली असती. म्हणजे कार्यक्रमामागे ११ हजार जादा जागा. हा आकडा लक्षात ठेवा, तिकिटांच्या दराकडे वळलो की तो पुन्हा लागेल.

तीन सांगाडे, एक पडदा

असा सांगाडा उभा करायला सुमारे चार दिवस लागत आणि उतरवून ट्रकवर चढवायला आणखी वेळ. एकाच सांगाड्यावर भिस्त ठेवली असती तर वाहतूक धरून आठवड्याला जेमतेम एक शहर झालं असतं. रोज साडेसात लाख जात असताना आठवड्याला एक शहर म्हणजे साडेबावन्न लाख डॉलरचा खर्च एकाच मुक्कामावर.

म्हणून पोलादाचे तीन संच बनवले. एका शहरात कार्यक्रम चालू असताना दुसरा संच पुढच्या शहरात उभा राहत असे आणि तिसरा मागच्या शहरात उतरवला जात असे किंवा रस्त्यावर असे. एकेका संचाला दीड ते दोन कोटी पौंड लागल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आजही अनेक जणांना हा उधळेपणा वाटतो. मला तो दौऱ्यातला सर्वांत शहाणा खर्च वाटतो. तीन संचांचे साडेचार ते सहा कोटी पौंड ११० कार्यक्रमांवर पसरले की दर कार्यक्रमाला चार ते साडेपाच लाख पौंड पडतात. पहिल्या वर्षीच्या ४४ कार्यक्रमांवर दौरा आटोपला असता तर तोच बोजा दहा ते साडेतेरा लाखांवर गेला असता. इतकं पोलाद एकदा विकत घेतलं, की दौरा लांबवण्याखेरीज पर्याय उरत नाही.

पडदा, साउंड, दिवे, वाद्यं हे मात्र तीन-तीन नव्हते. ते एकदाच घेतले आणि दर शहरात सोबत नेले. पोलाद अवजड, संथ आणि तुलनेने स्वस्त. इलेक्ट्रॉनिक्स महाग, नाजूक, पण लवकर बांधून निघणारं. जे संथ आहे त्याच्या तीन प्रती आणि जे महाग आहे त्याची एकच, ही विभागणी दौऱ्याच्या नियोजनाचा गाभा होती.

कार्यक्रमाची रात्र या नजरेने पाहिली तर वेगळीच दिसते. शेवटचं गाणं संपून लोक दारांकडे वळत असतात तेव्हाच चाकांवरचे फ्लाइट केस, म्हणजे सामानाच्या मजबूत पेट्या, मैदानात शिरलेले असतात. वाद्यं आधी निघतात, मग स्पीकरचे थर चेन-मोटरवरून खाली येतात, मग पडद्याचे भाग. कुठला केस कुठल्या ट्रकमध्ये आणि कितव्या क्रमांकाने चढणार हे आधीच ठरलेलं असतं, कारण पुढच्या शहरात जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं असतं. पहाटेपर्यंत हा ताफा मार्गी लागतो. त्यानंतर मागे राहिलेले पोलादवाले क्रेन लावून सांगाडा उतरवायला घेतात. १२०च्या आसपास ट्रक, दौऱ्याबरोबर फिरणारी १३७ माणसं आणि प्रत्येक ठिकाणी घेतलेले शंभरावर स्थानिक कामगार, असा हा संसार होता.

यात स्टेडियमचाही वेळ जातो, हे सहसा कुणी मोजत नाही. एका-दोन रात्रींसाठी मैदान जवळपास आठवडाभर अडकतं. हिरवळ झाकावी लागते, खेळाच्या मोसमाशी तारखा जुळवाव्या लागतात. शेजारच्यांची झोपमोड होते ती वेगळीच. जुलै २००९मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कमधले कार्यक्रम संपल्यावर रात्रभर चालणाऱ्या उतरवणीला कंटाळलेल्या रहिवाशांनी ट्रकच अडवले. पुढचा मुक्काम स्वीडनमधलं गोथेनबर्ग होता आणि मध्ये समुद्र. घरच्या गावात, स्वतःच्याच चाहत्यांच्या शेजाऱ्यांकडून असा खोळंबा व्हावा हा नशिबाचा खेळ म्हणायचा. पण दौऱ्याच्या दृष्टीने ते निव्वळ मनस्तापाचं प्रकरण नव्हतं. तासाला तीस हजार डॉलरच्या वर चालणारं मीटर रस्त्यात उभं होतं.

२००९चा हिशेब मांडून पाहू. ३० जून ते २८ ऑक्टोबर असे १२१ दिवस आणि ४४ कार्यक्रम. कार्यक्रमामागे पावणेतीन दिवस, म्हणजे साधारण २० लाख ६० हजार डॉलर केवळ रोजच्या खर्चाचे. त्या वर्षीची विक्री ३१ कोटी १० लाखांच्या वर होती, म्हणजे कार्यक्रमामागे सुमारे ७१ लाख. त्यातला तीस टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा एकट्या या मीटरने खाल्ला. २२ ऑगस्टला कार्डिफ आणि १२ सप्टेंबरला शिकागो यांच्यामध्ये वीस दिवस एकही कार्यक्रम नव्हता, कारण सगळा पसारा अटलांटिकपार न्यायचा होता. पूर्ण दराने धरले तर त्या वीस दिवसांचे दीड कोटी डॉलर होतात. उरलेल्या रकमेतून स्टेडियमचं भाडं, कर, विमा, जाहिरात, सुरक्षा आणि पोलादाची वसुली. दुसरा टप्पा, म्हणजे उत्तर अमेरिका, संपेपर्यंत दौरा ना-नफा-ना-तोट्याच्या रेषेवरही येणार नाही असं बँडच्या बाजूने आधीच सांगितलं गेलं होतं. एवढ्या विक्रीनंतरही ४४व्या कार्यक्रमापर्यंत हातात काही नाही, ही गोष्ट गल्ल्याचे आकडे वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

तीस डॉलरचं तिकीट

तिकिटांचे दर अमेरिकेत ३० ते २५० डॉलरच्या दरम्यान होते आणि प्रत्येक कार्यक्रमाला किमान दहा हजार तिकिटं तीस डॉलरच्या आसपास ठेवण्याचं आश्वासन होतं. मंदीच्या ऐन भरात हे औदार्य म्हणून कौतुकाचा विषय झालं. त्या अकरा हजार जादा जागांची आठवण इथे येते. स्टेज मध्ये आणल्याने जितक्या जागा वाढल्या, जवळपास तितकीच तिकिटं स्वस्तात गेली. त्या खुर्च्या नेमक्या त्याच होत्या असं नाही, पण तोल तोच आहे. दहा हजार गुणिले तीस म्हणजे तीन लाख डॉलर, कार्यक्रमाच्या सरासरी ६७ लाखांतले पाच टक्केसुद्धा नाहीत. संपूर्ण दौऱ्याची तिकिटाची सरासरी १०१ डॉलर येते. ती स्वस्त तिकिटं बाजूला काढली तर उरलेल्यांची सरासरी ११४ होते. म्हणजे स्वस्त तिकिटांनी महागड्या तिकिटांना फारसा धक्का लावला नाही आणि स्टेडियम मात्र वरच्या कठड्यापर्यंत भरलं. पासाडीनाच्या रोझ बोलमध्ये २५ ऑक्टोबर २००९ रोजी ९७ हजार १४ माणसं होती आणि एका रात्रीची विक्री एक कोटी डॉलरला टेकली. खर्च तारखेला बांधलेला असताना रिकामी खुर्ची हा निव्वळ तोटा आणि तीस डॉलरची भरलेली खुर्ची ही निव्वळ कमाई.

मैदानातल्या उभ्या प्रेक्षकांचं तिकीट मला जास्त कुतूहलाचं वाटतं. ते अमेरिकेत ५५ डॉलरच्या आसपास होतं. स्टेजला सर्वांत जवळची जागा आणि दर मात्र मधल्या खुर्च्यांपेक्षा कमी. निव्वळ व्यापारी बुद्धीने पाहणारा हा मूर्खपणा म्हणेल. पण पुढच्या रांगेत तास न् तास आधी येऊन उभे राहणारे चाहते असले की कार्यक्रम पेटतो आणि तो पेटला की २५० डॉलरवाल्यालाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. याची किंमतही असते. बाजारभावापेक्षा कमी दराने विकलेल्या तिकिटातला फरक कुठे तरी जातोच. तिकीट स्वतः वापरणाऱ्या चाहत्याकडे गेलं तर तो त्याच्या पदरात पडतो आणि दलालाने उचललं तर दलालाच्या.

नंतरच्या वर्षांत उद्योगाने हा फरक स्वतःच खिशात घालायचं ठरवलं. मागणीप्रमाणे हलणाऱ्या दरांची पद्धत तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने २०११मध्ये, म्हणजे हा दौरा चालू असतानाच, जाहीर केली. त्याआधी जानेवारी २०१०मध्ये तिकीटमास्टर आणि लाइव्ह नेशन यांचं विलीनीकरण झालं होतं. दौरा सुरू झाला तेव्हा प्रमोटर आणि तिकीटविक्रेता वेगळे होते, संपला तेव्हा दोघे एकाच छत्राखाली. पुढे २०२२मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या काही तिकिटांचे दर हलते हलते पाच हजार डॉलरपर्यंत गेले आणि चाहते खवळले. दलालाचा नफा कलाकाराकडे यावा यात गैर काही नाही, पण मग चाहत्याच्या नजरेत दलालाची जागाही कलाकारच घेतो. यूटूने २००९मध्ये ते टाळलं. ते तत्त्वासाठी की तंत्र अजून आलं नव्हतं म्हणून, यावर वाद घालता येईल.

२१ मे २०१०

तिसऱ्या टप्प्याची तयारी चालू असताना बोनोच्या पाठीला दुखापत झाली आणि २१ मे २०१० रोजी म्युनिकमध्ये तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. उत्तर अमेरिकेतले १६ कार्यक्रम पुढे ढकलले गेले. मुख्य गायक आजारी पडला, एवढंच हे नव्हतं. विकलेली तिकिटं ग्राह्य राहिली, म्हणजे दर जुना आणि खर्च नवा. सोळा स्टेडियमच्या तारखा नव्याने मिळवायच्या, त्याही फुटबॉल आणि बेसबॉलच्या वेळापत्रकात बसवून. पोलाद कुठे तरी ठेवायचं. अनुभवी क्रू दुसऱ्या दौऱ्याला निघून जाऊ नये म्हणून बांधून ठेवायचा. गायक उभा राहू शकला नाही तर होणाऱ्या नुकसानीचा विमा मोठे दौरे उतरवतातच आणि त्याचा हप्ता काही थोडाथोडका नसतो. तो का भरायचा हे अशा एका दिवशी कळतं.

युरोपातला पुढचा टप्पा ऑगस्टमध्ये तुरीनला वेळेवर सुरू झाला. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका. एप्रिल २०११मध्ये साओ पाउलोत रोलिंग स्टोन्सचा सुमारे ५५ कोटी डॉलरचा जुना विक्रम मोडला. लांबणीवर पडलेला अमेरिकी टप्पा २१ मे २०११ रोजी डेन्व्हरमध्ये सुरू झाला, शस्त्रक्रियेला बरोबर एक वर्ष होत असताना.

दौरा संपल्यावर सांगाड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. पन्नास मीटर उंचीचा पांढरा हत्ती पोसायला घेणार कोण? त्यातला एक पुढे युटा राज्यातल्या ड्रेपर इथल्या मत्स्यालयाने घेतला आणि आवारात उभा केला.

यूटूचा विक्रम २०१९मध्ये एड शीरनने मोडला. ७७ कोटी ६२ लाख डॉलर, २५५ कार्यक्रम, ८९ लाखांच्या आसपास तिकिटं, सरासरी ८७ डॉलर. कार्यक्रमामागची विक्री यूटूच्या निम्म्याहूनही कमी, पण स्टेजवर माणूस एक, गिटार आणि वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं लूप पेडल. विक्रमांच्या यादीत दोघे शेजारी-शेजारी छापले जातात. मात्र ती यादी विक्रीची असते, उरलेल्या पैशांची नव्हे. पुढे टेलर स्विफ्टच्या एराज दौऱ्याने १४९ कार्यक्रमांत दोन अब्ज डॉलर ओलांडले. त्यात एकाच स्टेडियममध्ये ओळीने अनेक रात्री, सिंगापूरला सहा, लंडनच्या वेम्ब्लीत एकूण आठ, असं धोरण होतं. एकदा उभारलं की जास्तीत जास्त रात्री वाजवून घ्यायचं. मेटालिकाने २०२३पासून मधोमध गोल स्टेज आणलं, पण डोक्यावर पंजा न बांधता आणि एका शहरात दोन रात्री, दोन्ही रात्री वेगळी गाणी, अशा बेताने. प्रेक्षक दोन्ही तिकिटं घेतो आणि ट्रक एकदाच हलतात.

यूटूने स्वतः तर ट्रकच काढून टाकले. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात बँडने लास व्हेगासच्या स्फिअर या नव्या घुमटात ४० कार्यक्रम केले. पडदा इमारतीचाच भाग, त्यामुळे उतरवायचं काही नाही. तिकिटं सुमारे ६ लाख ६३ हजार, विक्री २४ कोटी ४५ लाख डॉलर. कार्यक्रमामागे ६१ लाख, म्हणजे ३६० अंश दौऱ्याच्या ६७ लाखांच्या जवळ, आणि प्रेक्षक मात्र एक चतुर्थांश. तिकिटाची सरासरी ३६९ डॉलरच्या घरात गेली. महागाई धरली तरी जुने १०१ डॉलर २०२३मध्ये १४०च्या आसपासच होतात. शिवाय विमानाचं भाडं आणि हॉटेल चाहत्याने वेगळं भरायचं. २००९मध्ये पोलाद, पडदा आणि माणसं शहराशहरांत नेण्याचा खर्च तिकिटाच्या आत होता, ६६ हजार जणांत वाटलेला. स्फिअरमध्ये प्रवास प्रेक्षकानेच केला, त्याचा खर्च दौऱ्याच्या कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही आणि तिकीटही स्वस्त झालं नाही.